उपऱ्याचा तुकाराम

मराठी साहित्यविचारात स्थलांतराची चर्चा बहुधा नुकसानीच्या अंगाने होते. गाव सुटले, बोली पुसट झाली, नातीगोती दुरावली, आणि लेखकाच्या वाट्याला आठवणींचा पाढा तेवढा उरला, अशी ती ठरावीक मांडणी असते. दिलीप पुरुषोत्तम चित्रे (१९३८–२००९) हे कवी, चित्रकार, अनुवादक आणि चित्रपट-दिग्दर्शक या मांडणीत बसत नाहीत. बडोद्यात जन्म, मुंबईत जडणघडण, इथिओपियात तीन वर्षे शिक्षकी, अमेरिकेत दोन वर्षे लेखकवृत्ती, काही काळ भोपाळ आणि अखेरीस पुणे असा त्यांचा प्रवास असला, तरी त्यांच्या कवितेत सुटलेल्या गावासाठी केलेला विलाप जवळजवळ सापडत नाही. उपरेपणाचा, म्हणजे कोणत्याही एका जागेचे पूर्ण सभासदत्व नसण्याचा, त्यांनी पाहण्याची रीत म्हणून उपयोग करून घेतला, आणि याच रीतीमुळे तुकारामांकडे संत म्हणून पाहण्याच्या आधी कवी म्हणून पाहणे त्यांना साधले, असे येथे प्रतिपादन करायचे आहे.

हा विचार पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात करण्याला एक ठोस कारण आहे. चित्रे या पट्ट्याचे रहिवासी नव्हते. त्यांचे अखेरचे घर पुण्यात होते. मात्र ज्या तीन मराठी कवींना इंग्रजीत नेण्यासाठी त्यांनी आयुष्यातील फार मोठा काळ खर्च केला, ते तिघेही याच परिसराशी बांधलेले आहेत. ज्ञानदेवांची समाधी आळंदीत, तुकारामांचे गाव देहू, आणि नामदेव ढसाळ यांचा जन्म खेड तालुक्यातील पूर-कनेरसरचा. ज्याला आज चाकण औद्योगिक क्षेत्र म्हटले जाते, त्याच्या भोवतीच ही तिन्ही ठिकाणे आहेत. तेराव्या, सतराव्या आणि विसाव्या शतकांतील हे तीन कवी एकमेकांच्या इतक्या जवळ असावेत हा योगायोग मानला, तरी बाहेरून आलेल्या एका कवीने या तिघांनाच निवडावे यात योगायोगाचा भाग फार थोडा आहे. ज्ञानदेव वाळीत टाकलेल्या कुटुंबातले, तुकाराम दुष्काळाने आणि दिवाळ्याने गावगाड्यातून बाहेर फेकले गेलेले वाणी, आणि ढसाळ लहानपणीच गाव सोडून मुंबईच्या कामाठीपुऱ्याच्या आसऱ्याला गेलेले. म्हणजे तिघेही आपापल्या परीने उपरेच होते.

चित्रे यांचे उपरेपण तर जन्मापासूनचे. १७ सप्टेंबर १९३८ रोजी ते ज्या बडोद्यात जन्मले, तेथे गायकवाडांच्या राजवटीमुळे मराठी ही दरबाराची आणि शिकलेल्या वर्गाची भाषा होती, पण रस्त्यावरची भाषा गुजराती होती. मातृभाषा घरात आणि छापील पानावर भेटायची, बाजारात मात्र वेगळ्याच भाषेत बोलायचे, ही सवय ज्याला लहानपणीच लागते, त्याला भाषा हवेसारखी गृहीत धरता येत नाही. शिवाय त्यांच्या घरातील छापील पान साधे नव्हते. वडील पुरुषोत्तम चित्रे 'अभिरुची' हे मासिक बडोद्याहून काढत, आणि चाळीसच्या दशकातील नव्या मराठी साहित्याला, त्यात मर्ढेकरांच्या वादग्रस्त ठरलेल्या कवितेलाही, या मासिकाने जागा दिली. मराठी नवकवितेच्या घडणीचा एक महत्त्वाचा टप्पा पुण्या-मुंबईबाहेर, गुजराती शहरात छापला गेला, याची नोंद वाङ्मयेतिहासात असली तरी तिचा अर्थ पुरेसा लावला गेलेला नाही. केंद्रापासून दूर असलेल्या संपादकाला केंद्राच्या शिष्टाचाराचे दडपण कमी असते, हा त्याचा एक अर्थ, आणि मुलाने वडिलांकडून हा गुण पुरेपूर उचलला.

१९५१ मध्ये कुटुंब मुंबईला आले. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे चक्रमुद्रित नियतकालिक सुरू केले. पुढे साठच्या दशकात ज्यांना लघुअनियतकालिके म्हटले गेले, म्हणजे प्रस्थापित मासिकांच्या आर्थिक आणि अभिरुचीच्या चौकटीबाहेर, जमेल तेव्हा आणि जमेल तसे काढलेले अंक, त्यांचा हा आरंभीचा नमुना. त्या वेळी चित्रे अजून विशीतही पोचले नव्हते. कोलटकर कोल्हापूरहून आलेले, कलाशिक्षण घेतलेले आणि पुढे जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून नावाजलेले. कवितेची ओळ आणि कागदावरची रेघ एकाच हाताने काढणाऱ्यांची ही सोबत होती. साठोत्तरी मराठी कवितेतील दृश्यात्मकतेचा विचार करताना प्रतिमा, प्रतीक अशा संज्ञांचा बराच खल होतो, पण त्या पिढीतील कितीतरी कवी प्रत्यक्ष रंग-ब्रश हाताळणारे होते, या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते.

पहिला संग्रह 'कविता' १९६० मध्ये आला आणि त्याच वर्षी चित्रे इथिओपियाला गेले. त्या काळी सम्राट हैले सेलासी यांच्या राजवटीत शाळांचा विस्तार चालू होता आणि त्यासाठी भारतातून मोठ्या संख्येने शिक्षक जात असत. सॉलोमन आणि शीबाच्या राणीपर्यंत आपली वंशावळ नेणारी ती राजसत्ता होती, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्याविरुद्ध खुद्द शाही रक्षकदलाने बंड करून पाहिले. नवस्वतंत्र भारतातील एक तरुण मराठी कवी कधीही पूर्णपणे वसाहत न झालेल्या एका आफ्रिकी देशात इंग्रजी शिकवतो, आणि ज्या भाषेत शिकवतो ती ना त्याची ना विद्यार्थ्यांची, ही परिस्थितीच विचार करायला लावणारी आहे. या वास्तव्यातून 'शीबा राणीच्या शोधात' हे प्रवासपर पुस्तक निघाले. मराठी प्रवासवर्णनाची तत्कालीन पायवाट युरोप-अमेरिकेच्या दिशेने जाणारी होती. आफ्रिकेकडे ना कुतूहलाची वस्तू म्हणून ना दयेचा विषय म्हणून, तर एका जुन्या संस्कृतीचे घर म्हणून पाहणे तेव्हा विरळच होते. तेथील चर्चच्या भिंतींवरील सपाट, मोठ्या डोळ्यांच्या आकृतींचा चित्रे यांच्या चित्रकलेवर प्रभाव शोधण्याचा मोह एखाद्या समीक्षकाला होईल. तो टाळलेला बरा. प्रभावांची अशी यादी करणे सोपे असते आणि तिच्यातून हाती काही लागत नाही.

स्थलांतरित कलावंताचा दुसरा नमुना शेजारच्या गोव्यात आहे. साळगावात १९२४ मध्ये जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत पुढाकार घेतला, १९४९ मध्ये लंडन गाठले, आणि चित्रांइतकेच धारदार गद्यही लिहिले. सोझांच्या चित्रांत आणि लेखनात मागे राहिलेला गोवा, त्यातले चर्च, त्यातला अपराधभाव हे सतत उफाळून येतात. जाणे ही त्यांच्यासाठी एक भांडणाची कृती होती, आणि भांडण संपले नाही म्हणून जाणेही संपले नाही. चित्रे यांचे तसे नाही. ते परत येत राहिले, आणि प्रत्येक परतीनंतर मराठीत लिहीत राहिले. दोघांतला फरक स्वभावाचा जितका, तितकाच माध्यमाचाही आहे. रंगाला भाषांतर लागत नाही, त्यामुळे चित्रकाराला परक्या देशात प्रेक्षक मिळू शकतो. कवीला मात्र वाचकासाठी भाषेकडे परतावेच लागते. एकाच माणसात हे दोन्ही व्यवसाय नांदू लागले, की बाहेर जाण्याची आणि परत येण्याची ओढ त्याच्या आत एकाच वेळी काम करू लागते.

चित्रकार चित्रे यांच्याविषयी मराठीत फार कमी बोलले गेले आहे. १९६९ मध्ये मुंबईत त्यांच्या तैलचित्रांचे पहिले एकल प्रदर्शन झाले आणि पुढेही ते रंगवत राहिले. कवीची चित्रे म्हटली की ती फावल्या वेळातली हौस समजण्याची एक उदार वाटणारी पण प्रत्यक्षात कमी लेखणारी प्रथा आहे. या प्रथेला उत्तर द्यायचे तर चित्रांची तरफदारी करण्यापेक्षा त्यांच्या कवितेत रंगाची शिस्त कशी काम करते हे दाखवणे अधिक उपयुक्त ठरेल. त्यांच्या इंग्रजी कवितांपैकी सर्वाधिक वाचली गेलेली, शालेय पाठ्यपुस्तकांतूनही शिकवली जाणारी कविता घरी परतणाऱ्या वडिलांवर आहे आणि ती 'ट्रॅव्हलिंग इन अ केज' (१९८०) या संग्रहात आहे. उशिराची लोकल, डब्यातला पिवळा उजेड, गप्प उभे प्रवासी, चिखलाचे डाग पडलेला काळा रेनकोट, पुस्तकांनी फुगून फाटायला आलेली पिशवी, करड्या फलाटावरून निघून जाणारी आकृती. कवितेचा पहिला भाग जवळजवळ पूर्णपणे रंग, पोत आणि उजेड यांवर उभा आहे. भावनेचे नाव कवी कोठेही घेत नाही. चित्रकार कॅनव्हासवर दुःख असे लिहीत नाही, उजेड कोठून येतो एवढे ठरवतो. तशीच ही कविता पिवळा उजेड ठरवून बाजूला होते.

दुसऱ्या भागात वडील घरी पोचतात. तेथे पातळ चहा आहे, शिळी पोळी आहे, मुले हसण्यात सामील करून घेत नाहीत. आपल्याच घरात उपरा झालेला हा म्हातारा रेडिओची खरखर ऐकत झोपी जातो, आणि त्याच्या स्वप्नात पूर्वज येतात, नातवंडे येतात, एका चिंचोळ्या खिंडीतून उपखंडात शिरणाऱ्या भटक्या टोळ्या येतात. येथे कवितेची खरी उंची आहे. उपनगरातून शहरात आणि शहरातून उपनगरात असा रोजचा प्रवास हे हजारो वर्षांच्या स्थलांतराचे सर्वांत अलीकडचे, सर्वांत थकलेले रूप आहे, असे ती सुचवते. आपण सगळेच कोणत्या ना कोणत्या खिंडीतून आत आलो आहोत, असे मानले की मूळचे आणि बाहेरचे या वादातला बराच आवेश निघून जातो. पुणे-लोणावळा लोकलने रात्रपाळी किंवा दुसरी पाळी संपवून पिंपरी, आकुर्डी, देहूरोड या स्थानकांवर उतरणाऱ्या कामगाराला ही कविता मुंबईची म्हणून परकी वाटण्याचे कारण नाही.

१९७५ ते १९७७ ही दोन वर्षे चित्रे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन-कार्यक्रमात होते. भारतात तो बहुतांशी आणीबाणीचा काळ. त्याआधीच, १९६७ मध्ये, त्यांनी १९४५ ते १९६५ या वीस वर्षांतील मराठी कवितेचे इंग्रजी संकलन संपादित केले होते. मर्ढेकरांनंतरची मराठी कविता एका सलग दृष्टीने इंग्रजी वाचकापुढे ठेवण्याचा हा मोठा प्रयत्न होता, आणि तो करणारा संपादक तिशीच्याही आत होता. द्वैभाषिक लेखन म्हणजे एकाच लेखकाने दोन भाषांत स्वतंत्र निर्मिती करणे. मराठीत त्याकडे संशयाने पाहिले जाते. दोन्हीकडे पाय ठेवणारा कोठेच नीट उभा नसतो, असा सूर निघतो. चित्रे यांच्याबाबतीत हा संशय टिकत नाही. 'कवितेनंतरच्या कविता' (१९७८) किंवा 'एकूण कविता' हे खंड वाचले, तर मराठीच्या लयीवरची त्यांची पकड इंग्रजीने सैल केल्याचे दिसत नाही. उलट मराठीतील ज्या गोष्टी मराठी माणसाला दिसेनाशा झालेल्या असतात, त्या त्यांना इंग्रजीच्या बाजूने आल्यामुळे दिसतात. १९९४ मध्ये साहित्य अकादमीने 'एकूण कविता'च्या पहिल्या खंडाला मराठीचा आणि तुकारामांच्या इंग्रजी भाषांतराला अनुवादाचा असे दोन पुरस्कार एकाच वर्षी त्यांना दिले. पुरस्कारांना अवास्तव महत्त्व देऊ नये हे खरे, पण ही दुहेरी मान्यता बोलकी आहे.

चित्रपटाकडे येथे ओझरते पाहणे पुरेसे आहे. 'विजेता'ची पटकथा, 'अर्धसत्य'ला नाव आणि कणा पुरवणारी कविता आणि स्वतः दिग्दर्शित केलेला 'गोदाम' (१९८३) हे सारे दोन-तीन वर्षांच्या अवधीतले. 'गोदाम'ला फ्रान्समधील नांत येथील महोत्सवात ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला. शब्द आणि दृश्य यांच्यामधली भिंत ज्याने आयुष्यभर मानली नाही, त्याने कॅमेऱ्याकडे वळावे हे स्वाभाविकच होते. त्याच सुमारास ते भोपाळला भारत भवनातील 'वागर्थ' या काव्यकेंद्राचे संचालक झाले. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत दृश्यकलेचा विभाग जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होता. तेही चित्रकार आणि कवी. कविता आणि चित्रकला एकाच छपराखाली नांदवण्याचा देशातला तो मोठा प्रयोग होता, आणि चित्रे त्यासाठी नेमके योग्य गृहस्थ होते. पण भोपाळचे नाव त्यांच्या चरित्रात वेगळ्याच कारणाने कोरले गेले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. चित्रे यांचा एकुलता मुलगा, जो इथिओपियात जन्मला होता, त्या वायूच्या तडाख्यातून वाचला. फुप्फुसे मात्र कायमची दुखावली गेली आणि २००३ मध्ये त्याचे निधन झाले.

तुकारामांकडे आता वळायला हवे, कारण चित्रे यांच्या सगळ्या येण्याजाण्याचा हिशेब तेथेच लागतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णू परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली, १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघालेली गाथा, म्हणजे अभंगांचा एकत्रित संग्रह, साडेचार हजारांहून अधिक अभंगांची आहे. तिचे फ्रेझर आणि मराठे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केलेले इंग्रजी भाषांतर तीन खंडांचे, प्रामाणिक, आणि बहुतांशी गद्यवळणाचे आहे. भाविकाला आणि अभ्यासकाला ते पुरते; कवितेच्या वाचकाला पुरत नाही. चित्रे तरुणपणापासून तुकारामांची भाषांतरे करत होते, आणि तीन दशकांहून अधिक काळच्या या कामातून 'पुन्हा तुकाराम' (१९९०) हे मराठी निवड-भाष्याचे पुस्तक आणि 'सेज तुका' (१९९१) हा इंग्रजी अनुवाद सिद्ध झाला.

या अनुवादातील दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे रचनेचा. अभंगाचा मोठा प्रकार सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या चरणांत बांधलेला असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असते; इंग्रजीत हे ओढून आणले तर बालगीताचा भास होतो. चित्रे यांनी बहुतेक ठिकाणी यमक सोडले आणि बोलण्याचा झटका राखला. तुकाराम देवाशी भांडतात, टोमणे मारतात, उधारीचे हिशेब मागतात. हा बाजारातला, ओट्यावरचा सूर हेच त्या काव्याचे मर्म, असा तो निर्णय होता. दुसरा निर्णय क्रमाचा. गाथेतील अभंगांचा परंपरागत क्रम सोडून त्यांनी एका माणसाच्या आयुष्याच्या आणि अंतर्यामीच्या अवस्थांनुसार निवड मांडली. माणूस असणे, भक्त असणे, सैरभैर असणे, कवी असणे, आणि अखेर असण्याचाच निरोप घेणे. भक्तिपरंपरेतला अखेरचा थोर कवी आणि मराठीतला पहिला खऱ्या अर्थाने आधुनिक कवी एकाच देहात पाहावा, असे त्यांनी प्रस्तावनेत आग्रहाने मांडले.

या मांडणीवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. तुकारामांना आधुनिक म्हणणे म्हणजे वारकरी संप्रदायातून त्यांना उचलून साठोत्तरी मुंबईच्या कवींच्या पंगतीत बसवणे, असे म्हणता येते. कीर्तनात, टाळ-मृदंगाच्या साथीने, शेकडो मुखांतून उमटणारा अभंग हा एकट्या 'मी'चा उद्गार नसतो. तो समूहाचा असतो, आणि क्रम मोडून त्याला आत्मचरित्र करणे ही एका एकाकी आधुनिक वाचकाची गरज आहे. याच संदर्भात भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाचे, म्हणजे साहित्य आपल्या मातीतील भाषा-परंपरेतूनच उगवते आणि तिच्याच निकषांवर तपासावे या भूमिकेचे, स्मरण होते. नेमाडे यांनीही तुकारामांवर साहित्य अकादमीसाठी पुस्तिका लिहिली आहे. देशीवादाच्या दृष्टीने पाहता चित्रे यांचा तुकाराम जरा जास्तच आंतरराष्ट्रीय वाटेल. पण नेमाडे यांनीही लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत अध्यापन केले होते, आणि देशीपणाचा पुरस्कार परदेशात राहून आलेल्या माणसाच्या तोंडून अधिक ठामपणे निघावा, हीही एक गंमत आहे. दूर गेल्याशिवाय आपले म्हणजे काय ते धड दिसत नाही, हा अनुभव दोघांचा समान होता. निष्कर्ष तेवढे वेगळे निघाले.

आक्षेपाला उत्तर गाथेतच आहे. तुकारामांच्या अभंगांत दुष्काळात पत्नी अन्न-अन्न करत मेल्याची, दिवाळे निघाल्याची, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटल्याची नोंद स्वतःच्या नावाने येते. समूहाच्या मुखी जाण्याआधी हा उद्गार एका माणसाचाच होता, आणि गावाकडून तो डोंगराकडे गेलेला होता. भामचंद्र, भंडारा, घोराडेश्वर या डोंगरांशी परंपरा त्यांचा एकांत जोडते. गावात राहून गावाबाहेर असणे ही त्यांची स्थिती होती. संप्रदायाने त्यांना नंतर मध्यभागी आणले. चित्रे यांनी मध्यभागापूर्वीचा तो कडेचा माणूस पुन्हा पाहिला. यात संप्रदायाचा अधिक्षेप नाही. कीर्तनातील तुकाराम आणि एकांतातील तुकाराम यांपैकी एकच खरा मानण्याची गरज मुळात नसतेच.

आता हे डोंगर कोठे आहेत ते पाहावे. भामचंद्र चाकणजवळ शिंदे-वासुली भागात आहे, औद्योगिक क्षेत्राच्या अगदी कडेला. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, वाहन आणि यंत्रनिर्मितीचे मोठे कारखाने आले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सतरा लाखांच्या पुढे गेली. २००९ च्या सुमारास, म्हणजे चित्रे यांच्या अखेरच्या वर्षांत, चाकणमध्ये जर्मन मोटारींचे कारखाने उत्पादन सुरू करत होते. २००८ मध्ये शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राला गावकऱ्यांनी आणि वारकऱ्यांनी कडाडून विरोध केला, कारण २००१ पासून युनियन कार्बाइड याच कंपनीच्या मालकीची होती, आणि भोपाळचा वायू व इंद्रायणीचे पाणी यांचा संबंध लावायला कोणाला फार विद्वत्ता लागली नाही. ते केंद्र अखेर तेथे उभे राहिले नाही. तुकारामांचा डोंगर आणि भोपाळची रात्र असे एकाच गावच्या वेशीवर समोरासमोर आले. चित्रे यांच्या आयुष्यात ही दोन नावे किती जवळ आली होती ते लक्षात घेतले, म्हणजे त्यांच्या चरित्राचा आणि या पट्ट्याच्या इतिहासाचा संबंध केवळ अलंकारिक राहत नाही.

तरीही एक भेद झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. चित्रे यांचे स्थलांतर बव्हंशी निवडलेले होते. इंग्रजी, शिक्षण, वाङ्मयीन कुटुंब यांचा आधार त्यामागे होता. भोसरी किंवा चाकणच्या एका खोलीत पाचसहा जण मिळून राहणारा, मराठवाड्यातून, बिहारमधून किंवा उत्तर प्रदेशातून आलेला कंत्राटी कामगार पाहण्याच्या नव्या रीतीसाठी गाव सोडत नाही. ओल्या-सुक्या दुष्काळाने आणि कर्जाने त्याला तेथून हुसकलेले असते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनातील उपरेपण हे कैकाडी समाजावर लादलेले होते, आणि त्याच शब्दाने चित्रे यांच्या वाटचालीचे वर्णन करताना हा फरक विसरता कामा नये. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या कवितासंग्रहातील कवीला तर शहराने घडवण्याआधी चिरडले होते. पण चित्रे यांच्या बाजूने एवढे म्हणता येते, की त्यांनी स्वतःच्या मोकळीकीचा उपयोग आपल्यापेक्षा कमी मोकळीक मिळालेल्या कवीचा आवाज जगापर्यंत नेण्यासाठी केला. ढसाळांच्या कवितांचा त्यांचा इंग्रजी अनुवाद २००७ मध्ये आला तेव्हा ते स्वतः सत्तरीला आले होते, आणि त्या शिवराळ, तापलेल्या मराठीला इंग्रजीत सभ्य करण्याचा सोपा मार्ग त्यांनी घेतला नाही.

१० डिसेंबर २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जानेवारी २०१६ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये एकोणनव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि उद्योगनगरीतही साहित्याला जागा आहे हे सिद्ध झाल्याचे समाधान व्यक्त केले गेले. ते समाधान अपुरे आहे. तुकारामांची पालखी दरवर्षी देहूहून निघून पहिल्याच टप्प्यात आकुर्डीला, कारखान्यांच्या परिसरात मुक्कामाला येते. पाळी संपवून आलेले कामगार तिच्या दर्शनाला उभे असतात, आणि त्यांतल्या अनेकांची मातृभाषा मराठी नसते. त्यांना तुकारामांपर्यंत पोचायचे तर भाषांतराच्याच वाटेने यावे लागेल, आणि ती वाट चित्रे यांनी करून ठेवलेली आहे. देहू आणि आळंदीच्या अभ्यासकांनी, महापालिकेच्या ग्रंथालयांनी आणि कंपन्यांतील वाचक-मंडळांनी 'पुन्हा तुकाराम' सांप्रदायिक आवृत्त्यांच्या शेजारी ठेवावे, हिंदी आणि अन्य भाषांत तसेच काम व्हावे म्हणून प्रयत्न करावेत, आणि चित्रे यांच्या तैलचित्रांचे एक प्रदर्शन या औद्योगिक पट्ट्यातच भरवावे.